विंडोज ११ वर हात का अडखळतो, आणि त्यावर काय करता येईल

प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसचे डेस्कटॉप विंडोज १० वरून ११ वर गेले आहेत. विचारणाऱ्या बाई दिवसभर हिशेबाचं काम करतात. दोन मॉनिटर, एकावर एक्सेलच्या चार-पाच फायली, दुसऱ्यावर मेल आणि पीडीएफ. टास्कबार, म्हणजे पडद्याच्या तळाची प्रोग्रामांची पट्टी, मधोमध आला, राइट-क्लिकच्या यादीतून नेहमीचे पर्याय गेले, सेटिंग्ज सापडत नाहीत, आणि डाव्या कडेला उभा ठेवलेला टास्कबार आता तिथे जातच नाही. सहकारी म्हणतात, "सवय होईल." बाईंना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: हा नुसता सवयीचा प्रश्न आहे का, जुनं रूप परत आणणारं सॉफ्टवेअर टाकावं का, आणि विंडोज १० वर परत जावं का.

सवयीचा भाग आहेच, पण सगळंच सवयीवर ढकलता येत नाही. तुमच्या तक्रारींत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत आणि त्या आधी सुट्या करायला हव्यात. काही गोष्टींची जागा बदलली आहे. नवी जागा हाताला काही आठवड्यांत पाठ होते, त्याबद्दल फार जिवाला लावून घेऊ नका. काही ठिकाणी मात्र एक पायरी वाढली आहे, किंवा सोयच काढून टाकली आहे. वाढलेली पायरी सवयीने कमी होत नाही. जिथे एक क्लिक पुरत होता तिथे दोन लागत असतील, तर वर्षभराने ते दोन क्लिक तुम्ही भराभर कराल, पण दोनच कराल. लोकांची मशिन्स लावून देणं आणि नंतर त्यांच्या अडचणी निस्तरणं हेच माझं काम आहे. "सवय होईल" हे वाक्य जागा बदललेल्या गोष्टींना लागू पडतं. पायरी वाढलेल्या गोष्टींबद्दल कुणी ते म्हटलं, तर तो माणूस तुमचं काम तुमच्या खुर्चीत बसून करत नाही एवढंच त्यातून कळतं.

राइट-क्लिकपासून सुरू करू, कारण तुमच्या कामात सगळ्यात जास्त वेळ तिथेच जात असणार. विंडोज १० मध्ये फाइलवर राइट-क्लिक केलं की लांबलचक यादी यायची, आणि झिप करायचं, छापायचं, अमुक प्रोग्राममध्ये उघडायचं हे सगळं तिच्यात असायचं. ११ मध्ये छोटी यादी येते आणि तळाशी 'शो मोअर ऑप्शन्स' ही ओळ. जुनी यादी त्या ओळीच्या मागे आहे. कट, कॉपी, पेस्ट, रीनेम, डिलीट यांचे शब्द काढून आडव्या ओळीत नुसती चित्रं आली. विंडोज ११ च्या २४एच२ या नंतरच्या आवृत्तीत त्या चित्रांखाली नावं लिहिली गेली. पण खरा त्रास वेगळाच आहे आणि तो चटकन लक्षात येत नाही. ही चित्रांची ओळ माउसच्या बाणाजवळ राहील अशी मांडलेली असते. फाइल पडद्यावर वरच्या भागात असेल, तर यादी खाली उघडते आणि चित्रं यादीच्या डोक्यावर येतात. फाइल अगदी खाली असेल, तर यादी वर उघडते आणि चित्रं तळाशी जातात. म्हणजे कॉपी कधी वर, कधी खाली. बाणापासूनचं अंतर कमी करायचा हेतू चांगला होता, पण हात अंतर लक्षात ठेवत नाही, जागा लक्षात ठेवतो. प्रत्येक वेळी डोळ्यांनी शोधावं लागतं, आणि तो अर्धा क्षण दिवसभर साचत जातो. संध्याकाळी थकवा कशाचा आला ते सांगता येत नाही.

ही यादी छोटी का केली, यामागे खरं कारण आहे आणि ते मला पटतं. विंडोज एक्सपीच्या काळापासून कुठलाही प्रोग्राम या यादीत आपली ओळ घुसवू शकत होता. वीस वर्षांत ती अस्ताव्यस्त वाढली. त्यातल्या बऱ्याच ओळींचा कोड थेट फाइल एक्सप्लोररच्या, म्हणजे फायली दाखवणाऱ्या खिडकीच्या प्रोग्रामच्या, आतच चालायचा, त्यामुळे एखादा प्रोग्राम रखडला की राइट-क्लिक केल्यावर यादी यायलाच वेळ लागायचा. नवी यादी प्रोग्रामांसाठी ठरावीक नियम घालते. जे ते पाळतात त्यांनाच तिथे जागा मिळते, बाकीचे जुन्या यादीत राहतात. दुखणं खरं होतं. उपचार मात्र असा झाला की ज्यांची यादी आटोपशीर होती, त्यांनाही तोच जादा क्लिक बसला.

यावर उपाय सोपा आहे. शिफ्ट दाबून राइट-क्लिक करा, जुनी पूर्ण यादी थेट येते. हात कीबोर्डवरच असेल तर फाइल निवडून शिफ्ट आणि एफ१०. त्याहून चांगलं म्हणजे ज्या चार-पाच गोष्टींसाठी तुम्ही यादी उघडता, त्यांच्यासाठी ती उघडायचीच नाही. नाव बदलायला एफ२. प्रॉपर्टीज पाहायला आल्ट आणि एंटर. फाइलचा पूर्ण पत्ता कॉपी करायला कंट्रोल, शिफ्ट आणि सी. मेलमध्ये सर्व्हरवरच्या फाइलचा पत्ता पाठवणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो आणि बहुतेकांना हे माहीत नसतं. पूर्ण यादी कायमची परत आणणारा एक बदल रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, करता येतो. तो चालतो, पण ऑफिसच्या मशिनवर तुमच्या आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय करू नका.

आता टास्कबार. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला एक नियम पडद्यांची रचना करणारे आजही वापरतात: लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त. माउसच्या बाबतीत यातून एक सुंदर गोष्ट निघते. पडद्याच्या कोपऱ्यापलीकडे बाण जाऊच शकत नाही, म्हणून कोपऱ्यातलं बटण हाताच्या दृष्टीने प्रचंड मोठं होतं. न बघता, न थांबता माउस खाली-डावीकडे ढकलला की झालं. विंडोज ९५ पासून, म्हणजे १९९५ पासून, स्टार्ट बटण त्या बाजूला होतं. गिअर बदलताना गाडी चालवणारा खाली बघत नाही, तसंच ते होतं. ११ ने ते मधे आणलं. मधे आणल्याने ते नुसतं लांब गेलं असं नाही, ते हलायलाही लागलं. सगळे आयकॉन मधोमध रचायचे असल्यामुळे तुम्ही एक प्रोग्राम जास्त उघडलात की अख्खी रांग दोन्ही बाजूंना सरकते आणि स्टार्ट थोडं डावीकडे जातं. प्रोग्राम बंद केला की परत उजवीकडे. सकाळी एका जागी असलेलं बटण दुपारी दुसरीकडे. सवय लागायला गोष्ट एका जागी थांबावी तरी लागते.

शिवाय तुमचा हात अजून जुन्या कोपऱ्यात जात असेल, तर तिथे आता हवामानाचं चित्र असतं आणि बाण त्यावर रेंगाळला तरी बातम्यांचं मोठं पॅनेल कामावर उघडतं. हे सर्वांत आधी बंद करा. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार. तिथे विजेट्स बंद. त्याच पानावर खाली टास्कबार बिहेवियर्स उघडा आणि अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. स्टार्ट कोपऱ्यात परत येतं आणि हलायचं थांबतं.

तिथेच आणखी एक पर्याय आहे, तुमच्यासाठी तो बाकी सगळ्यांहून महत्त्वाचा: 'कंबाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स'. तो 'नेव्हर' करा. आत्ता तुमच्या पाचही एक्सेल फायली एकाच हिरव्या आयकॉनमागे लपल्या असतील. आयकॉनवर जायचं, छोट्या चित्रांची रांग येण्याची वाट बघायची, सारख्या दिसणाऱ्या पाच तक्त्यांतून हवा तो ओळखायचा आणि मग क्लिक. 'नेव्हर' केल्यावर प्रत्येक फाइलचं नावासकट वेगळं बटण दिसतं आणि एका क्लिकचं काम एका क्लिकमध्ये होतं. ही सोय ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आली तेव्हा नव्हती. लोकांनी दोन वर्षं मागणी लावून धरली, तेव्हा २०२३ मध्ये ती परत आली. सुरुवातीला ११ वापरून बघितलेले बरेच जण अजून समजतात की ती नाहीच. दुसऱ्या मॉनिटरवर टास्कबार दिसत नसेल तर 'शो माय टास्कबार ऑन ऑल डिस्प्लेज' हाही पर्याय याच यादीत आहे, आणि त्याच्याखाली प्रत्येक मॉनिटरवर फक्त तिथे उघडलेल्या खिडक्यांचीच बटणं दाखवायची सोय आहे. दोन पडद्यांवर काम करणाऱ्याने ती नक्की लावून बघावी.

डाव्या कडेच्या उभ्या टास्कबारची तक्रार मात्र मी जशीच्या तशी मान्य करतो. रुंद पडद्यावर उंची हीच दुर्मीळ गोष्ट असते. साधा १९२० बाय १०८० चा मॉनिटर घ्या. १०० टक्के स्केलवर ११ चा टास्कबार ४८ पिक्सेल उंची खातो. १० चा ४० खायचा. एक्सेलची नेहमीची ओळ २० पिक्सेलची असते. म्हणजे दोन ओळींहून जास्त जागा कायमची गेली, आणि बाजूला रुंदी पडून राहिली. टास्कबार उभा ठेवणारे लोक हौसेने ठेवत नव्हते, हा हिशेब त्यांनी अनुभवाने केला होता. विंडोज ११ चा टास्कबार नव्याने लिहिला गेला आणि त्यात तो बाजूला नेण्याची सोय लिहिलीच गेली नाही. पुढची काही वर्षंही नाही. यावर पूर्ण उपाय नाही. टास्कबार आपोआप लपवण्याचा पर्याय त्याच पानावर आहे, पण एक्सेलच्या तळाशी शीटची नावं असतात. तिथे बाण नेला की टास्कबार उसळून वर येतो आणि त्या नावांवर पसरतो. हिशेबाच्या कामात मी तो सुचवणार नाही. त्यापेक्षा एक्सेलची रिबन, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी, कंट्रोल आणि एफ१ ने मिटवा. टास्कबारने खाल्ल्या त्याहून जास्त ओळी परत मिळतात. एक मॉनिटर फिरणाऱ्या स्टँडवर असेल, तर तो उभा करून पीडीएफ त्यावर ठेवणं हाही चांगला मार्ग आहे.

सेटिंग्जचा गोंधळ ११ ने निर्माण केलेला नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ ने कंट्रोल पॅनेलशेजारी दुसरं सेटिंग्जचं घर बांधायला घेतलं आणि तेव्हापासून सामान एका घरातून दुसऱ्यात हलतंच आहे. त्यामुळे रस्ते पाठ करण्यात वेळ घालवू नका. विंडोज बटण दाबा आणि हवं ते इंग्रजीत टाइप करा: प्रिंटर, साउंड, माउस. जुनं कंट्रोल पॅनेल हवं असेल तर विंडोज आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत कंट्रोल हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर. विंडोज आणि एक्स ही जोडी मात्र पाठ करा. डिव्हाइस मॅनेजर, डिस्क मॅनेजमेंट, शट डाउन हे सगळं एका उभ्या यादीत येतं, आणि ही यादी विंडोज ८ पासून आतापर्यंत टिकून आहे.

मोठमोठ्या कंपन्या असं का करतात, असा प्रश्न तुमच्या पत्रात थेट नाही पण ओळींमधून दिसतो. २०११-१२ चा काळ आठवून बघा. टॅब्लेटची लाट होती आणि सगळ्यांना वाटत होतं की एकच चेहरा बोट आणि माउस दोघांनाही चालेल. एप्रिल २०११ मध्ये लिनक्स या विंडोजला पर्यायी मुक्त प्रणालीच्या जगात नोम ३ हा नवा डेस्कटॉप आला आणि खिडक्यांवरचं मिनिमाइझचं बटण गेलं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर टीका केली आणि ते एक्सएफसीई हा दुसरा, साधा डेस्कटॉप वापरू लागले. त्याच नाराजीतून माटे आणि सिनॅमन हे दोन वेगळे डेस्कटॉप जन्माला आले. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढलं आणि पडदाभर रंगीत चौकोन आणले. मशिन बंद करायचं तर माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, काही न लिहिलेल्या जागेवर थांबायचं, सरकत येणाऱ्या पट्टीतून सेटिंग्ज, मग पॉवर, मग शट डाउन. पडद्यावर कुठेही खूण नाही. ज्याला कुणी सांगितलं नाही, त्याला ते कळणं शक्यच नव्हतं. २०१३ मध्ये ८.१ ने स्टार्ट बटण परत दिलं, २०१५ मध्ये विंडोज १० ने स्टार्ट मेनू परत दिला.

माझ्या मते मूळ चूक मोजमापात आहे. कंपन्यांकडे कोणती सोय किती लोक वापरतात याचे आकडे येतात. टास्कबार बाजूला नेणारे थोडे, फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रामवर नेणारे थोडे, म्हणून त्या सोयी मागे पडतात. पण जे थोडे आहेत ते ती सोय दिवसातून शंभरदा वापरतात, आणि त्यांचं पोट संगणकावर आहे. पीडीएफ धरायची, टास्कबारवरच्या मेलच्या आयकॉनवर न्यायची, खिडकी वर येईपर्यंत धरून ठेवायची आणि मेलमध्ये सोडायची, हे तुम्ही नक्की करत असाल. विंडोज ११ च्या पहिल्या आवृत्तीत ते होतच नव्हतं. सप्टेंबर २०२२ च्या २२एच२ मध्ये परत आलं. दुसऱ्या मॉनिटरवर घड्याळसुद्धा सुरुवातीला दिसत नव्हतं. किती जण वापरतात एवढंच मोजलं आणि वापरणाऱ्याचं त्यावाचून किती अडतं हे मोजलं नाही, की असं होतं.

आता जुनं रूप आणणारं सॉफ्टवेअर. दोन प्रकार ओळखा. एक प्रकार फक्त स्वतःचा स्टार्ट मेनू वर आणून ठेवतो. ओपन-शेल हे त्यातलं जुनं, फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. आवडलं नाही तर काढून टाकता येतं. दुसरा प्रकार विंडोजच्या टास्कबारमध्ये आणि एक्सप्लोररमध्येच हात घालतो. एक्सप्लोररपॅचर, स्टार्टऑलबॅक ही त्यातली नावं. बनवणाऱ्यांचं कौशल्य वादातीत आहे आणि उभा टास्कबार हवा असणाऱ्यांना त्यांचा मोठा आधार आहे. पण विंडोजचं मोठं अपडेट आलं की आतला कोड बदलतो आणि या दुरुस्त्या निसटतात. २०२४ मध्ये २४एच२ च्या चाचणी आवृत्त्यांनी यातल्या काहींच्या जुन्या आवृत्त्या असतील तर अपग्रेड रोखलंही होतं. एका ऑफिसात अशा अपडेटनंतर सकाळी टास्कबारच येत नव्हता, पडदा चमकून परत काळा होत होता, आणि तो दिवस विवरणपत्र भरण्याच्या मुदतीचा होता. घरच्या मशिनवर खुशाल वापरा. ज्यावर हिशेब आहेत त्यावर हा दुसरा प्रकार नको.

विंडोज १० वर परत जाण्याबद्दल: जागच्या जागी अपग्रेड केलं असेल, तर पहिल्या दहा दिवसांत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून परत जाता येतं. पण १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या अपडेटची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, संस्थांसाठी वेगळी पैसे भरून घ्यायची योजना आहे. बँकेचे व्यवहार होणाऱ्या मशिनवर टास्कबारसाठी सुरक्षेची अपडेट सोडणं मला कोणत्याही परिस्थितीत पटणार नाही. विंडोज सोडून लिनक्सवर जायचं म्हटलं, तर लिनक्स मिंटचा सिनॅमन किंवा केडीई प्लाझ्मा हे डेस्कटॉप तुम्हाला घरच्यासारखे वाटतील, टास्कबार हव्या त्या कडेला जाईल. पण तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर तिथे चालतं का हे आधी तपासा.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, तरी सांगतो. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स इथे 'ऑलवेज शो स्क्रोलबार्स' चालू करा, म्हणजे लपणाऱ्या बारीक पट्ट्या परत दिसतील. तिथेच ॲनिमेशन आणि ट्रान्सपरन्सी बंद करा. खिडक्या सरकत, विरघळत उघडायच्या थांबतात आणि तेच मशिन वेगवान वाटायला लागतं. मॅकवाल्यांनाही सप्टेंबर २०२५ मध्ये मॅकओएस टाहो बरोबर पारदर्शक काचेसारखं रूप आलं तेव्हा पहिला आधार मिळाला तो ॲक्सेसिबिलिटीतल्या 'रिड्यूस ट्रान्सपरन्सी'चाच. नवं रूप कुठलंही असो, डोळ्यांना त्रास होत असेल तर आधी ॲक्सेसिबिलिटीत डोकवा. कंपनीने चेहऱ्यासाठी जे काढलं, ते बऱ्याचदा तिथे शाबूत असतं.

दुसरी गोष्ट तक्रारीची. विंडोज आणि एफ दाबलं की मायक्रोसॉफ्टला तक्रार कळवायचं फीडबॅक हब उघडतं. तिथे "नवं रूप भिकार आहे, जुनं द्या" असं लिहिलेल्याचा उपयोग होत नाही. काम लिहा: पाच वर्कबुक उघडी असतात, १०८० उंचीच्या पडद्यावर खालचा टास्कबार दोन ओळी खातो, आधी अमुक एका हालचालीत होणारं काम आता किती हालचालींत होतं. तुमच्यासारखीच तक्रार आधी कुणी लिहिली असेल तर नवी न लिहिता तिलाच मत द्या आणि खाली आपलं काम दोन ओळींत जोडा. ऑफिसातल्या बाकीच्यांनाही तिथेच मत द्यायला सांगा.